चाळीस फुटांची लेन्स, जेऊरचं रान आणि दोन मिनिटं

मंडळी, या वीकेंडचा विषय जुनाट आहे, पण इंजिनियर लोकांना आवडेल असा. भात्याचा मोठा कॅमेरा (तोच, डोक्यावर काळं कापड घेऊन वापरायचा) आणि त्याला लांब लेन्स लावायची भानगड.

गणित साधं आहे. दूरची वस्तू फोकस करायची तर लेन्स आणि प्लेट यांच्यात फोकल लेंग्थइतकं अंतर लागतं. म्हणजे ३०० मिलिमीटरच्या लेन्सला भाता साधारण ३०० मिलिमीटर ताणायचा. वस्तू जवळ असेल तर आणखी ताणायचा. आणि भाता संपला की? मग पुढे लाकडी खोका नाहीतर नळी जोडायची आणि लेन्स तिच्या टोकाला बसवायची. हेच एक्स्टेन्शन. आत काच वगैरे काही नाही, नुसती अंधारी पोकळी. पण ती हलली किंवा फटीतून उजेड शिरला की फोटो गेला.

आता ही पोकळी ताणून ताणून किती लांब नेता येईल? याचं एक भन्नाट उत्तर आपल्याच भागात उभं राहिलं होतं. आमचं गाव चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. तिथून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, जेऊर इंग्रजांच्या.

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. त्यासाठी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल पत्नी एलिझाबेथसह जेऊरला आले. सोबत होता चाळीस फूट फोकल लेंग्थचा कॅमेरा! जॉन शेबर्ले यांनी तो १८९३ च्या ग्रहणाला चिलीत प्रथम वापरला होता. लेन्स फक्त पाच इंचांची. सगळ्यात मोठी प्लेट १८ बाय २२ इंचांची.

एवढा खटाटोप कशाला? कारण सूर्याचं प्लेटवरचं चित्र फोकल लेंग्थच्या साधारण एकशेआठव्या भागाइतकंच येतं. ३०० मिलिमीटरच्या लेन्सला सूर्य जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा. चाळीस फुटांना तोच साडेचार इंचांचा, ताटलीएवढा. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळातले बारीक धागे बघायचे तर हे हवंच.

पण जानेवारीतल्या दुपारी सूर्य तिथे पन्नासेक अंश वर असतो. म्हणजे लेन्स प्लेटपेक्षा तीस फूट उंच पाहिजे. आणि रान सपाट. मग मनोरा उभारला, लेन्स वर, प्लेट खाली, मधे काळ्या कापडाचा बोगदा. यातली खरी गंमत अशी की लेन्सचा आधार आणि बोगद्याचा आधार वेगवेगळे ठेवले. वाऱ्याने कापड फडफडलं तरी लेन्स हलता कामा नये. आपण सॉफ्टवेअरमध्ये ज्याला डिकपलिंग म्हणतो ना, तेच, दगड-लाकडात :-)

अजून एक अडचण. सूर्य सरकतो, कॅमेरा सरकवता येत नाही. हिशोब केला तर चित्र प्लेटवर सेकंदाला सुमारे ०.८ मिलिमीटर पळतं. म्हणून घड्याळाच्या यंत्राने प्लेटच रुळावरून त्याच वेगाने सरकवत ठेवायची. आणि हे सगळं कशासाठी, तर सुमारे दोन मिनिटांसाठी. ढग आले, यंत्र अडलं, कुणाचा हात चुकला तर महिन्यांची मेहनत वाया. रीटेक नाही.

काळही कसला! १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरलेला, प्लेगची साथ चालू, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेल्याला सातच महिने झालेले. अशा वेळी पुण्याच्या कॉलेजातले प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हेसुद्धा आपली उपकरणं घेऊन जेऊरलाच उतरले होते. कॅम्पबेलबद्दल लिहिताना हे नाव बरेचदा गळतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. नायगमवालांनी १९०२ मध्ये या ग्रहणाचा अहवाल छापला. तो मनोरा बांधायला दगड-माती वाहणाऱ्यांची नावं मात्र मला कुठेच सापडली नाहीत.

तर लांब लेन्स जिंकली का? इथे गोष्ट फिरते. त्याच दिवशी वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडर यांनी छोटासा कॅमेरा लावला होता. दीड इंचाची लेन्स, फोकल लेंग्थ नऊ इंच. तोपर्यंत फोटोत आलेला प्रभामंडळाचा सर्वात लांब किरण त्यांना मिळाला! कारण पुन्हा गणितात. जेऊरचा कॅमेरा साधारण एफ ९६, ॲनीबाईंचा एफ ६. फरक सोळा पट, म्हणजे पसरलेल्या फिक्या उजेडासाठी अडीचशे पट. चाळीस फुटांनी सूर्याजवळचा बारकावा दिला, नऊ इंचांनी लांबचा पसारा. पोकळी वाढवली की चित्र मोठं होतं, पण तोच उजेड जास्त जागेत वाटला जातो. फुकट काहीच नाही.

असो. पुण्याहून सोलापूरच्या गाडीने जाल तेव्हा दौंडनंतर कुर्डुवाडीच्या आधी जेऊर लागतं. खिडकीतून त्या सपाट रानाकडे बघा आणि चाळीस फूट म्हणजे कुठवर, ते नजरेने मोजा. साधारण चार मजली इमारत आडवी झोपवली तर होईल तेवढं!