गवळ्याची मुलगी आणि राणीचा दरबार

शाळा लवकर सुटलेल्या आमच्यासारख्या माणसाला कादंबरी म्हणजे फुरसतवाल्यांची करमणूक वाटे. सर वॉल्टर स्कॉटची १८१८ सालची ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ वाचली आणि वाङ्मयाकडून काय मागावे, हेच आमच्या लेखी बदलले.

हे नाव एडिंबरोच्या जुन्या तुरुंगाचे. एप्रिल १७३६ मध्ये विल्सन नावाच्या चोरटा व्यापार करणाऱ्याला एडिंबरोत फाशी झाली. त्या वेळी जमावावर गोळीबार होऊन माणसे मेली. शिपायांचा कप्तान पोर्टियस याला देहान्त शासन झाले. पण राणी कॅरोलाइनने ते तहकूब केले. ७ सप्टेंबरच्या रात्री लोकांनी वेशी ताब्यात घेतल्या, तुरुंगाचे दार जाळले आणि पोर्टियसला फासावर चढविले. स्कॉट सांगतो, दोरासाठी दुकान फोडले, पण किंमत तेथे ठेवली! सरकारी दप्तराला हा जमाव नुसता दंगेखोर. कादंबरीत त्याची शिस्त दिसते, तसे त्याचे क्रौर्यही.

त्याच तुरुंगात एफी डीन्स आहे. १६९० च्या स्कॉटिश कायद्याप्रमाणे, स्त्रीने गरोदरपण लपविले, बाळंतपणात कुणाला हाक मारली नाही आणि मूल मेले किंवा नाहीसे झाले, तर तिनेच ते मारले असे धरले जाई. हा कायदा १८०९ साली सौम्य झाला. बहीण जीनी, गवळ्याची मुलगी, हिने ‘एफीने मला सांगितले होते’ एवढे म्हटले असते तर खटला कोसळला असता. जीनी खोटे बोलत नाही. कोर्टात साक्षीदार उभे करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे. एफीला फाशी ठरते, आणि हीच जीनी माफी मागण्यासाठी लंडनची वाट धरते. पुष्कळशी वाट पायी, स्कॉटलंडात तर अनवाणी. राणीपुढे ती कायद्याचा कीस पाडीत नाही, मरणाच्या घडीची आठवण देते.

गंमत अशी, की स्कॉट पक्का टोरी. १८२० साली स्कॉटलंडातील विणकर उठले तेव्हा तो सरकारच्या बाजूचा होता. आमच्या सभेत त्याला कोणी बोलू दिले नसते. तरीही गरिबाच्या सचोटीला इतके मोठे माप आमच्या पक्षाच्या लेखकांनीही क्वचितच दिले आहे.

जीनीमागे खरी बाई होती. हेलन वॉकर. तीही बहिणीसाठी खोटे बोलली नाही, आणि लंडनला जाऊन माफी घेऊन आली. ती १७९१ मध्ये गरिबीत वारली. १८३१ साली स्कॉटने तिच्या कबरीवर दगड बसविला.