घोडा, गार आणि ठासणी

महाड-पोलादपूरच्या बाजूला जुन्या घराची कौले उतरवायला घेतली की माळ्यावरून काय निघेल याचा नेम नसतो. कधी तांब्याचे घंगाळ, कधी गंजलेली तलवार, तर कधी माणसाच्या खांद्याएवढी उंच बंदूक. बंदूक निघाली की निवाडा ठरलेला : शिवकालीन! रायगड डोळ्यांसमोर, तानाजींचे उमरठ पोलादपूर तालुक्यातच. दुसरा काळ कुणाच्या मनात येणार तरी कसा? मग विचारावे, बंदूक कसली? उत्तर येते, "ठासणीची." यातले पहिले उत्तर बहुधा चूक असते. दुसरे बरोबर असते, पण त्याने काहीच कळत नाही.

कारण ठासणी ही भरायची रीत झाली. तोंडाकडून दारू ओतायची, चिंधी घालायची, गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. सतराव्या शतकातली बंदूक अशीच भरत आणि कोकणात शेतराखणीला परवान्यावर बाळगलेली परवापरवाची बंदूकही अशीच भरतात. वय काढायचे तर विचारायचे ते दुसरेच : आत ठासलेल्या दारूपर्यंत विस्तव पोचतो कसा? इथे मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दाला आपापला काळ आहे.

सर्वांत जुनी तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे धुमसत ठेवलेली सुताची वात. हिलाच जामगीही म्हणत. रात्री तिचा निखारा शत्रूला दिसायचा, वास यायचा, आणि महाडकडच्या पावसात ती विझायचीच. शिवकाळातल्या पायदळाच्या हातात मुख्यतः ही बंदूक होती. तेव्हा माळ्यावरच्या बंदुकीत गार धरणारा घोडा दिसला, तर शिवकाळ म्हणण्याआधी थोडे थांबावे.

तोड्यानंतर आली चकमक. हा शब्द तुर्की. तिकडे 'चाकमाक' म्हणजे आघात करून आग पाडणे, आणि आग पाडायचे साधनही. आजही तुर्कस्तानात सिगारेटच्या लायटरला हेच म्हणतात. मराठीने शब्द घेतला तो गार आणि पोलाद यांच्या जोडीसाठी. पुढे लहानशा लढाईलाही तो चिकटला. मात्र मूळ अर्थ क्रियापदांनी सोडलेला नाही. युद्ध पेटते, लढाई जुंपते, चकमक मात्र झडते किंवा उडते. झडतात त्या ठिणग्या. पोलीस आणि दरोडेखोरांची चकमक उडाल्याचे छापणाऱ्या वार्ताहराला गारगोटी आठवत नसेल, पण त्याच्या वाक्याला आठवते.

ही ठिणगी कशी पडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. घोड्याच्या जबड्यात कातड्याच्या तुकड्यात गार आवळलेली असते. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो आणि गार समोरच्या उभ्या पोलादी पट्टीवर खरवडत खाली येते. त्याच झटक्याने पट्टी उलटते आणि तिच्याखाली झाकलेली वाटी उघडी पडते. वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. रंजक भडकली की जाळ बंदुकीच्या कानातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून, आत शिरतो आणि बार उडतो. ठिणगी दगडाची, असे आपण समजतो. वास्तविक दगड पोलादाचे बारीक कण खरवडून काढतो आणि जळतात ते पोलादाचे कण. 'पोलाद' शब्द फार्सी. एवढे श्रेय पोलादपूरकरांनी इराणला द्यायला हरकत नाही.

घोड्याचेही गमतीदार आहे. याच भागाला इंग्रज आणि जर्मन कोंबडा म्हणतात, फ्रेंच आणि पोर्तुगीज कुत्रा. आपण मात्र घोड्यावर बसलो. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणू लागले. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे पोर्तुगीजांकडून आले. 'बंदूक' अरबीतून. अरबीत व्हेनिसला 'अल-बुंदुकिया' म्हणतात, म्हणून बंदूक व्हेनिसची, अशी एक व्युत्पत्ती ऐकू येते. ती सोडून द्यावी. अरबी 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, मुळात ग्रीकांच्या बोलीतले काळ्या समुद्राकाठचे फळ. त्या फळाएवढी गोळी, आणि गोळीवरून तिचे हत्यार, असा हा प्रवास. रायगडावर राज्यव्यवहारकोश झाला, त्यात फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देताना शस्त्रांचा स्वतंत्र वर्गही केला. तरी लोकांच्या तोंडची बंदूक काही सुटली नाही.

मग चकमकीची बंदूक या डोंगरात आली कुठून? सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट 1756 पासून इंग्रजांकडे होते आणि महाड हे त्याच खाडीवरचे बंदर. 1796 मध्ये नाना फडणीस महाडला येऊन राहिले आणि त्यांनी इथे फौज जमवली. 1802 मध्ये होळकरांकडून मार खाल्लेला दुसरा बाजीराव घाट उतरून महाडलाच आला. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने रायगड घेतला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि सरकारच्या पलटणींत इथली माणसे भरती होत राहिली. फौजी आंबवडे हे गावाचे नाव उगीच पडलेले नाही. अशाच वाटांनी ती इथे आली असावी. माझा कौल म्हणूनच शिवकाळाऐवजी पेशवाईच्या अखेरीला जातो.

खात्री करायची तर घोडा बसवलेली बाजूची पट्टी पाहावी. चार भागांत विभागलेले बदाम आणि त्यात अक्षरे असली तर ती ईस्ट इंडिया कंपनीची जुनी खूण. 1808 च्या सुमारास तिची जागा मुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. नळी 39 इंच भरली तर कंपनीच्या सैन्यातल्या ठरावीक नमुन्याची शक्यता वाढते. पण देशी कारागिरांनी या खुणांच्या नकला हौसेने केल्या. अक्षरे उलटी किंवा चुकलेली दिसली तर बंदूक इथलीच समजावी. तीही कमी मोलाची नव्हे. कानाशी केप, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी टोपी, बसवायची बोंडी असेल आणि पट्टीवर रिकामी भोके असतील, तर मूळच्या चकमकीच्या बंदुकीला नंतर केप जोडली आहे. इंग्रजी सैन्यात हा बदल 1840 च्या आसपास झाला.

अशी बंदूक सापडली तर नळी कुणाकडे रोखू नका आणि चापाशी खेळू नका. भरून ठेवलेली काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. आधी पोलीस ठाण्यात कळवा. वापरता न येणाऱ्या पुरातन हत्याराला 1959 च्या शस्त्र कायद्यात सवलत आहे, पण हत्यार त्या सवलतीत बसते की नाही, हे आपण घरच्या घरी ठरवायचे नसते. पॉलिश पेपर घेऊन तर मुळीच बसू नका. गंजाबरोबर खुणाही जातात. आणि घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर बंदुकीच्या एकेका भागाला ते काय म्हणते, तेवढे वहीत टिपून ठेवा.