वळकटी

वळकटी बांधणे ही एक कला होती आणि ती घरातील एखाद्याच माणसाला साधलेली असे. आधी सतरंजी अंथरावयाची, तिच्यावर पातळ गादी, गादीवर घोंगडी, चादर आणि उशी अशा बेताने रचावयाची की गुंडाळी मध्येच फुगणार नाही. मग दोन्ही बाजूंच्या कडा आत दुमडून, गुडघा रोवून ती आवळीत न्यावयाची, आणि अखेरीस दोरीचे दोन वेढे देऊन अशी सुरगाठ मारावयाची की गाडीतल्या अंधारात ती एका हिसक्याने सुटावी, पण हमालाच्या डोक्यावर मात्र सुटू नये. आमच्या आजोबांच्या हिशेबाच्या चोपडीत, घरभाडे आणि वाण्याची बाकी यांच्यामध्ये, पुण्याहून नागपूरला निघताना मोडीत लिहिलेली सामानाची एक यादी आहे: वळकटी १, फिरकीचा तांब्या १, सोवळे १, पळीपंचपात्र, मेतकुटाची डबी १, दशम्या २०, कुलूप १. एवढ्याशा प्रवासासाठी माणसाने बिछाना, अन्न आणि पाणी बरोबर घ्यावे याचे आज हसू येईल. परंतु वाटेत कोणाच्या हातचे काय चालेल आणि काय चालणार नाही, याचा तो काटेकोर ताळेबंद होता, आणि आपल्याकडील प्रवासाचा खरा इतिहास मला राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्यांपेक्षा असल्या याद्यांतच अधिक सापडतो.

पेशवाईत प्रवास ही हौसेने करावयाची गोष्ट नव्हती. लष्कर, वकील, कारकून, सावकारांचे गुमास्ते, बैरागी आणि काशीयात्रेकरू एवढ्यांनाच मुलूख ओलांडण्याचे प्रयोजन पडे, आणि त्यांच्यापाशीही राहदारीचे दस्तक नसेल तर चौकी-पहाऱ्यावर खोळंबा ठरलेला असे. पारपत्र हा शब्द नवा आहे, त्यामागील संशय जुना आहे. रोकड जवळ बाळगणे म्हणजे पेंढाऱ्यांना आमंत्रण देणे, म्हणून शहाणा माणूस हुंडी घेऊन निघे आणि मुक्कामाच्या शहरी ती सावकाराच्या पेढीवर वटवी. अहिल्याबाई होळकरांसारख्या पुण्यशील व्यक्तींनी ठिकठिकाणी धर्मशाळा, घाट आणि विहिरी बांधल्या होत्या. तथापि धर्मशाळा देई ते केवळ छप्पर. चूल तीन दगडांची, शिधा पदरचा आणि अंथरूणही पदरचेच.

या व्यवस्थेत दशमीचे माहात्म्य मोठे होते. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजविली की ती पोळीच्या कोटीतून निसटून फराळाच्या कोटीत जाई आणि सोवळेओवळे कडक पाळणाऱ्यालाही ती वाटेत खाता येई. शिवाय दोन-तीन दिवस ती टिके, हा लाभ वेगळाच. या सवलतीचा शोध कोणा घनपाठी शास्त्र्याने लावला असेल असे मला वाटत नाही. तो स्वयंपाकघरात लागला असावा आणि शास्त्र्यांनी, स्वतःलाही प्रवास करावा लागतो हे ध्यानी घेऊन, त्यावर मागाहून शिक्कामोर्तब केले असावे.

समुद्र ओलांडावयाचा म्हटले की दशमीचेही बळ अपुरे पडे. राघोबादादांनी १७८१ साली आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील एका पारशी सोबत्यासह लंडनला पाठविला. राजकारणाच्या दृष्टीने त्या वकिलातीचे फलित फारसे काही झाले नाही. मला कुतूहल आहे ते तिच्या चुलीचे. परक्या शहरात, परक्या घरात, ज्याच्या स्पर्शाने अन्न विटाळते अशा यजमानाच्या सान्निध्यात या मनुष्याने स्वयंपाक करावा कोठे? ही अडचण जाणली ती एडमंड बर्कने, म्हणजे पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालविणाऱ्या त्याच नामांकित वक्त्याने. त्याने या मंडळींना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि बागेतील काचेचे मोठे वनस्पतिगृह त्यांच्या हवाली केले. जेथे इंग्लंडच्या थंडीपासून उष्ण देशांतील झाडे जपावयाची, तेथे एका कोकणस्थी वा देशस्थी आचारधर्माची चूल पेटली, स्नानसंध्या झाली, आणि इंग्रज पाहुणे ती पाहून गेले. यजमानाने पाहुण्याचा आचार समजून घेऊन त्याला जागा करून द्यावी, याहून सुसंस्कृत आतिथ्य मला ठाऊक नाही. स्वदेशी मात्र उलट प्रकार घडला. म्लेंच्छांच्या देशांतून जाताना आचार शुद्ध राहणे अशक्यच, असे ठरवून परतलेल्यांना बहिष्कृत मानण्यात आले, आणि तत्कालीन इंग्रज लेखकाने नोंदविल्याप्रमाणे विद्वान ब्राह्मणांच्या सभा भरून, अखेर सुवर्णाच्या योनिप्रतिमेतून बाहेर काढून त्यांना पुनर्जन्म देण्यात आला. वनस्पतिगृहातील चुलीची साक्ष कोणी विचारात घेतल्याचे दिसत नाही.

पायी प्रवासाचे अखेरचे मोठे चित्र वरसईच्या विष्णुभट गोडशांनी रेखाटले. ग्वाल्हेरीस दक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ साली निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. कमाई वाटेत लुटली गेली, पण आईबापांसाठी आणलेली गंगेची कावड घरी पोहोचली. हा वृत्तांत १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापून प्रसिद्ध केला, तोपर्यंत वरसईच्या तरुणांना ग्वाल्हेर दोन दिवसांच्या वाटेवर आले होते.

कारण मध्यंतरी लोखंडी रस्ता आला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत एकवीस मैल धावलेल्या पहिल्या गाडीचे वर्णन शाळेच्या पुस्तकांत येते, म्हणून त्याची पुनरुक्ती नको. मला अधिक मौजेची वाटतात ती पुढची पाच वर्षे, १८५८ ते १८६३. मुंबईकडून लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला होता, पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत. मध्ये बोरघाट तसाच उभा होता. तेव्हा पुण्यास जाणारा गृहस्थ मुंबईस वाफेच्या गाडीत बसे, खोपोलीस खाली उतरे, आणि ज्याची जशी ऐपत असेल तसा पालखीतून, तट्टावर किंवा गाडीतून, गव्हर्नर मालकम साहेबाने १८३० साली चाकांना खुला केलेल्या रस्त्याने घाट चढून खंडाळ्यास पुन्हा आगगाडी गाठे. एकाच दिवसात माणूस एकोणिसाव्या शतकातून निघून अठराव्यात जाई आणि संध्याकाळी परत येई. वळकटी या अवधीत दोनदा उतरे आणि दोनदा चढे. सुरगाठीचे मोल तेथे कळत असेल. घाटातील पंचवीस बोगदे खोदताना आणि सुमारे अठराशे फुटांची चढण बांधून काढताना हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी दगावले. त्यांची वळकटी कोणी परत नेली असेल, तर त्याची नोंद मला कोठे आढळलेली नाही.

गाडीच्या डब्यात शेजारी कोण बसावे याची निवड करता येईना, तेव्हा जनांनी मोठी युक्ती काढली: स्पर्श मान्य, अन्न अमान्य. खांद्याला खांदा लावून बसावे, पण डबा उघडताना पाठ फिरवावी. स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे झाले, आणि फिरकीच्या तांब्याला, ज्याचे झाकण आट्यांनी घट्ट बसते, सुगीचे दिवस आले. १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वर उद्भवला तेव्हा सरकारने प्रवाशांना स्थानकांवर उतरवून तपासावयास आरंभ केला आणि संशयितांचे कपडे व अंथरूणपांघरूण औषधी पाण्यातून काढले. वळकटीकडे पाहणारा इतका संशयी डोळा त्यापूर्वी कधी पडला नव्हता.

एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत चढलेल्या आनंदीबाई जोशांजवळ बर्कचे वनस्पतिगृह नव्हते. अठरा वर्षांची ही मुलगी मिशनरी बायकांच्या सोबतीने निघाली होती. बोटीवरील मांसाहार वर्ज्य, त्यामुळे बहुतांशी बटाट्यांवर निभावून तिने ४ जूनला न्यूयॉर्कचा धक्का गाठला. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहतात हे ध्यानी आल्यावर तिने गुजराती पद्धतीने लुगडे नेसावयास प्रारंभ केला. लहान गोष्ट; पण वेष न टाकता नेसण बदलणे हा जो मध्यममार्ग तिने काढला, तो त्या काळच्या पुष्कळ सुधारकांच्या व्याख्यानांपेक्षा मला अधिक विचारपूर्वक वाटतो. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यास वारली.

येथवर लिहिले ते ज्यांना वाटेत दुसऱ्याचे पाणी नको होते त्यांच्याविषयी. ज्यांना वाटेत पाणीच मिळत नव्हते त्यांची कथा निराळी आहे, आणि ती डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०१ साली साताऱ्याहून ते, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे असे सारे लहानगे, नवे कपडे घालून, गोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाले. मसूर स्थानकावर उतरले. वडिलांना धाडलेला निरोप पोहोचला नव्हता, म्हणून न्यावयास कोणी आले नाही. मुले महारांची आहेत असे कळताच स्टेशनमास्तर दूर सरला आणि गाडीवाले येईनात. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी, आपण बाजूने चालू. डबा भरलेला होता, घरच्या प्रेमाने बांधलेला; पण पाण्यावाचून घास उतरेना. रात्री जकातनाक्यावर, आम्ही मुसलमान आहोत असे सांगूनही, नाकेदाराने पाणी दिले नाही, आणि मुले उपाशीच निजली. पुढे याच मुलाने न्यूयॉर्क आणि लंडन पाहिले. १९१७ साली तो बडोद्यास नोकरीसाठी परतला तेव्हा तेथे एकाही हिंदू खाणावळीत त्याला थारा नव्हता. पारशी नाव घेऊन तो एका पारशी विश्रामगृहात राहिला, आणि खरे कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. बीकन्सफील्डपासून बडोद्यापर्यंतचे हे अंतर मैलांत मोजता येणार नाही.

त्यानंतरचे सारे भराभर घडले. बॅलार्ड पिअरवर बोटीच्या दारापर्यंत आगगाडी येऊ लागली. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी चालत गेलेले आणि वय लहान दिसते म्हणून परत धाडले गेलेले धोंडो केशव कर्वे सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ साली, युरोप-अमेरिका-जपानच्या प्रवासास निघाले. दोरीच्या वळकटीची जागा कातडी पट्ट्यांच्या होल्डॉलने घेतली. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला विमान गेले, आणि विमानात सामान तोलून घेतात, तेथे गादीचे काम संपले. १९७४ साली रेल्वेचा तिसरा वर्ग बंद झाला. मेतकूट मात्र अद्यापि परदेशी जाते.

ज्यांच्या घरी जुन्या चोपड्यांत प्रवासाच्या सामानाची अशी एखादी यादी असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये. आणि ज्यांच्या घरी यादी करण्याइतके सामानच नव्हते, त्यांनी वडीलधाऱ्यांना, ते हयात आहेत तोवर, वाटेत पाणी कोठे मिळाले आणि कोठे मिळाले नाही, एवढे विचारून लिहून ठेवावे.