उत्तरपत्रिकेबाहेरचा वाचक

विद्यापीठीय अध्यापनात विद्यार्थ्याच्या लेखनाला वाचक कोण, हा प्रश्न आपल्या समीक्षाव्यवहाराने क्वचितच विचारला आहे. साहित्यकृतीच्या वाचकाविषयी आपण पुष्कळ सिद्धान्तन केले, परंतु एम.ए.च्या वर्गातील वाचक जे लिहितो ते परीक्षकाखेरीज अन्य कोणी वाचावे, असे आपणास सहसा वाटले नाही. ब्लॉगचा अध्यापनाचे साधन म्हणून विचार करावयाचा तर आरंभ या उणिवेपासून करावा लागेल, संगणकापासून नव्हे.

या विचाराचा एक पूर्वेतिहास केंब्रिजमध्ये आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता दिल्या, त्यांवर मोकळेपणाने लिहावयास सांगितले आणि ते निनावी अभिप्राय पुढे व्याख्यानात चर्चेला घेतले. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात अशा १३ कवितांवरील अभिप्राय आहेत. चुकलेले वाचनही येथे अभ्यासाची सामग्री ठरले. फसलेल्या उत्तराला शून्य गुण देऊन मोकळे होण्याऐवजी ते का फसले, याचा शोध घेतला गेला.

नांदेडला रिचर्ड्स परके नाहीत. १९५० साली स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या नरहर कुरुंदकरांनी 'रिचर्ड्सची कलामीमांसा' हा ग्रंथ लिहिला. इंटरच्या परीक्षेत अपयश घेतलेल्या माणसाने या सैद्धान्तिक विषयाला हात घालावा, हे परीक्षापद्धतीवरील एक भाष्यच म्हणावयास हवे. मात्र आपल्या मराठी विभागांत रुजली ती कलामूल्याची चर्चा. वर्गातला प्रयोग मागेच राहिला. त्याच्याशी दूरचे नाते सांगणारा रसग्रहणाचा प्रश्न प्रश्नपत्रिकेत आहे, पण मध्यवर्ती कल्पना, प्रतिमा, भाषाशैली, समारोप असा त्याचा साचा ठरून गेला. गाइडांनी तो साचा घडविला असे म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते गाइडांनी तो फक्त विकला.

महाविद्यालयांतील भित्तिपत्रके आणि वार्षिकांक यांनी ही कोंडी काही प्रमाणात फोडली. भित्तिपत्रक वाचणारा वर्गमित्र लिहिणाऱ्याला व्हरांड्यातच गाठू शकत असे. परीक्षकाला ते शक्य नसते. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात याहून मोठी घटना घडली. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या अध्यापकांमुळे आणि साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या 'अस्मितादर्श'मुळे शिक्षण घेणारी पहिलीच पिढी महाविद्यालयात असताना छापील पानावर आली. येथे अध्यापन आणि संपादन यांतील भिंत पडली होती, आणि तिच्या पडण्याचा परिणाम मराठी वाङ्मयाने पुढे अनुभवला.

त्याच विचारविश्वातील जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील निग्रो साहित्याचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही. याच महाविद्यालयाचे नाव 'लातूर पॅटर्न'शी जोडले गेले, ही विसंगती टाळून पुढे जाता येत नाही. सराव चाचण्या आणि आदर्श उत्तरे यांच्या बळावर मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रदेशातील मुले गुणवत्तायादीत आली. या यशाचे सामाजिक मोल नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु पुढे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी हाच केंद्रविषय झाल्यावर पर्याय निवडणारा विद्यार्थी वाढला. तो अकरावी-बारावीत स्वतःचे असे एखादेच वाक्य लिहितो. भाषाविषयाच्या पदवीवर्गात येणारा विद्यार्थी या हवेपासून अलिप्त नसतो.

ब्लॉग आला तो या पार्श्वभूमीवर. 'ब्लॉगर' ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, तेव्हा मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांच्या तावडीत होता. एका यंत्रावर टंकलेले दुसऱ्यावर उघडेलच याची शाश्वती नव्हती. युनिकोडचा वापर रूढ झाल्यावर ही अडचण सरली. अध्यापनाच्या दृष्टीने ब्लॉगचे वैशिष्ट्य असे की नोंद दिनांकासह राहते, तीवरचा प्रतिसाद तिच्याच खाली राहतो आणि मार्चमधले वाचन जुलैमधल्या वाचनाशी ताडून पाहता येते. कवितेविषयीचे मत बदलले, हे उत्तरपत्रिकेत कधीच दिसत नाही. अर्थात, प्रत्येक नोंदीला अंतर्गत मूल्यमापनाचे दोन गुण ठेवले की प्रतिमा, भाषाशैली, समारोप हा क्रम तेथेही हजर होतो.

याहून बिकट प्रश्न नावाचा आहे. रिचर्ड्सचे विद्यार्थी निनावी होते. ब्लॉगवर नाव असते आणि आपल्याकडे आडनाव वाचले की अनेकदा जात वाचली जाते. दलित आत्मकथनावर खेड्यातून आलेल्या मुलीने काय लिहिले, यापेक्षा ते कोणी लिहिले याकडे वर्गाचे लक्ष जाणे अशक्य नाही. निनावीपणाने तिला मोकळीक मिळेल. पण ज्या परंपरेने स्वतःच्या नावानिशी लिहिणे हाच विद्रोह मानला, त्या परंपरेतील संहितेवर तिने नाव झाकून लिहावे काय? वर्गाने हा निर्णय तिच्यावर सोपवावा असे मला वाटते. मात्र पहिली नोंद लिहिली जाण्याआधी अध्यापकाने स्वतःच्या नावाने एक फसलेले वाचन तेथे ठेवलेले असावे.