वॉशिंग्टनची मजूर परिषद आणि हिंदी कारखाना-कायदा

राष्ट्राचे कायदे त्या राष्ट्रानेच करावेत, की काही विषयांत सर्व राष्ट्रांनी मिळून आखलेली मर्यादा प्रत्येकाने पाळावी, हा वाद बहुधा स्वतंत्र राष्ट्रांच्या संदर्भात घातला जातो. ज्या देशाला स्वतःचे कायदे करण्याचा अधिकारच नव्हता अशा हिंदुस्थानात १९१९ साली तो उपस्थित झाला, तेव्हा मात्र त्याचे स्वरूप बरेच निराळे होते.

बाहेरून येणाऱ्या कामगार-कायद्यांविषयी येथे अविश्वास होता व तो निराधार नव्हता. १८८१ चा पहिला कारखाना-कायदा होण्यामागे लँकेशायरच्या कापड-कारखानदारांचा आग्रह होता; मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा त्यांना जाचू लागली होती. साहजिकच हा कायदा देशी उद्योगाचा गळा आवळण्यासाठी आहे, असे येथील मालकांनी व बऱ्याचशा वृत्तपत्रांनी म्हटले. तथापि त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, एवढ्यावरूनच पूर्वीची स्थिती काय असेल ते कळते. कायद्याला विरोध करणारे आणि गिरणीत राबणारे हे एकच लोक नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला; त्यातील मागणी साप्ताहिक सुटीची व दुपारच्या विश्रांतीची होती. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला.

व्हर्सायच्या तहावर सही करणारा देश म्हणून हिंदुस्थान आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा आरंभापासून सभासद झाला. सार्वभौम नसलेल्या देशाला असे स्थान मिळावे, ही विसंगतीच होती. ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या परिषदेस कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले. त्यांची नेमणूकही सरकारनेच केली होती, कारण त्यांना निवडून देईल अशी अखिल भारतीय कामगार संघटना अद्याप नव्हती. परिषदेने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा करार संमत केला, पण त्याच्या दहाव्या कलमाने ब्रिटिश हिंदुस्थानासाठी साठ तासांचा आठवडा ठरविला व पुढील मर्यादेचा विचार नंतरच्या परिषदेवर सोपविला. जपानला सत्तावन्न तासांची मुभा मिळाली. अशा सवलतींना तहातच आधार होता: हवामान व औद्योगिक संघटनेची अपूर्ण वाढ लक्षात घ्यावी, असे त्यात म्हटले होते. उष्ण हवामानाच्या देशाला कामाचे तास कमी नव्हे, तर जास्त मिळावेत, हा निष्कर्ष मात्र विलक्षण म्हटला पाहिजे.

परिषदेला कोणत्याही देशात कायदा करण्याचा अधिकार नव्हता. संमत झालेला करार एका वर्षात, फार तर अठरा महिन्यांत, आपल्या देशातील योग्य अधिकारी संस्थेपुढे ठेवावा, इतकेच सभासदांवर बंधन होते. अशा रीतीने हा करार दिल्लीच्या नव्या विधिमंडळापुढे आला व त्याच्या अनुमतीनंतर जुलै १९२१ मध्ये हिंदुस्थानने त्याला मान्यता दिली. इंग्लंडने ती कधीच दिली नाही. जे बंधन राज्यकर्त्यांनी आपल्या घरी नाकारले, ते त्यांच्या अमलाखालील देशात, शिथिल रूपात का होईना, लागू झाले.

१९२२ च्या कायद्याने काय साधले? मुंबईत जानेवारी १९२० च्या मोठ्या संपानंतर दहा तासांचा दिवस आधीच मिळाला होता. सहा दिवसांचे साठ तास म्हणजे तेवढेच. तेव्हा गिरणगावाने जे संपाने मिळविले त्यावर दिल्लीने शिक्का मारला, असे म्हणता येईल. परंतु जेथे संप करण्याइतके बळ नव्हते तेथेही ही मर्यादा पोहोचली. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ज्या कारखान्यांत वीस माणसे असतील तेही कायद्याखाली आले. पूर्वी ही संख्या पन्नास होती. मुलांचे किमान वय नवावरून बारावर गेले. संपाच्या आवाक्याबाहेरच्या या मजुरांच्या दृष्टीने कराराचे मोल अधिक होते.

देशी संस्थानांना मात्र हा करार लागू नव्हता. संस्थानांतील गिरण्या जास्त तास चालतात व त्यामुळे आपण स्पर्धेत मागे पडतो, अशी तक्रार ब्रिटिश हद्दीतील मालक करू लागले. एका पिढीपूर्वी लँकेशायरने मुंबईविरुद्ध जे म्हटले होते, त्याहून हे फारसे वेगळे नव्हते.

जोशींच्या नेमणुकीने दिसून आलेली उणीव ऑक्टोबर १९२० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसने भरून काढली. परिषदेवर प्रतिनिधी सुचविणे हा तिच्या स्थापनेचा एक हेतू होता. बारमाही कारखान्यांतील साठ तास १९३४ च्या कायद्याने चोपन्नावर आले. वॉशिंग्टनला इतर देशांसाठी ठरलेला अठ्ठेचाळीसाचा आकडा हिंदी कायद्यात उतरण्यास १९४६ उजाडले. ती दुरुस्ती झाली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते.