डोळे मिटल्यावर दिसणारा बोगदा

डोळे मिटून उन्हाकडे तोंड करायचे आणि बोटे फाकवून हात डोळ्यांसमोर भराभर हलवायचा. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८१९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा उद्योग वर्णिला आहे. समोर काहीही नसताना त्याला बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसले. (वर्गात हा प्रयोग करवून घेऊ नये, लुकलुकत्या उजेडाने काही मुलांना फेफरे येऊ शकते.) असे भास तापात, अर्धशिशीच्या आधी किंवा काही द्रव्यांच्या अमलाखाली पुष्कळांना होतात. पाहणाऱ्याला वेगळ्याच जगाचे दार उघडल्यासारखे वाटते. पण मग वेगवेगळ्या माणसांना तेच ते आकार का दिसावेत?

ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरला अर्धशिशीचा त्रास होता. १८७० साली त्याने आपल्या भासाची चित्रे छापली. नजरेच्या मध्याजवळ एक ठिपका उमटतो, त्याभोवती किल्ल्याच्या तटासारखी नागमोडी, टोकदार रेषा तयार होते आणि वीस-पंचवीस मिनिटांत ती बाहेर सरकत नाहीशी होते. चित्रांतली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. तटाचे दाते मध्याजवळ बारीक, तर बाहेर जावे तसे मोठे होत जातात.

हाइनरिख क्ल्यूव्हर हा जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत काम केलेला मानसशास्त्रज्ञ. मेक्सिकोतील आदिवासी धार्मिक विधीत पेयोटे नावाचे निवडुंग खातात. त्यातल्या मेस्कलिन या द्रव्यावर त्याने १९२८ साली पुस्तक लिहिले. लोकांनी सांगितलेल्या शेकडो रंगीत वर्णनांतून त्याने रंग आणि कथा बाजूला काढल्या. उरले चार आकार : जाळी किंवा मधमाश्यांचे पोळे, कोळ्याचे जाळे, बोगदा किंवा नरसाळे आणि सर्पिल. त्यांना त्याने आकार-स्थिरांक म्हटले. कारण कोणतेही असो, आकार तेच. म्हणजे ते द्रव्यात नव्हते, पाहणाऱ्याच्या रचनेत होते.

त्या रचनेचा नकाशा मात्र आधीच तयार झाला होता, आणि तोही युद्धामुळे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन बंदुकांच्या बारीक, वेगवान गोळ्या कवटीतून आरपार जात आणि बरेच सैनिक वाचत. तात्सुजी इनोये या जपानी नेत्रवैद्याकडे काम आले ते निवृत्तिवेतनासाठी त्यांची दृष्टी किती गेली हे ठरवण्याचे. त्याने गोळी शिरल्याची व बाहेर पडल्याची जागा मोजून तिचा मार्ग काढला आणि नजरेचा कोणता भाग अंधारला ते ताडून पाहिले. १९०९ साली त्याने जर्मन भाषेत हा अभ्यास छापला. मेंदूच्या मागच्या टोकाशी दृष्टीचा जो भाग आहे, त्यात नजरेच्या मध्याला भरपूर जागा मिळते आणि कडेला अगदी थोडी, हे त्यातून स्पष्ट झाले.

शिक्षकांना हा नकाशा समजावण्यासाठी लॉगची कोष्टके पुरेशी आहेत. अगदी मधला भाग सोडला, तर नजरेत २ अंशांपासून ४ अंशांपर्यंत, ४ पासून ८ पर्यंत आणि ८ पासून १६ पर्यंत जाताना मेंदूत साधारण सारखेच अंतर कापले जाते. डोळ्याकडचा गुणाकार मेंदूत बेरीज होतो. उलट दिशेने पाहा. मेंदूत समान अंतरावर समांतर पट्टे उमटले, तर पाहणाऱ्याला ते एकाच पटीत मोठ्या होत गेलेल्या वर्तुळांसारखे, म्हणजे बोगद्यासारखे दिसतील. पट्टे दुसऱ्या दिशेचे असले तर मध्यातून फुटलेले किरण दिसतील, आणि तिरके असले तर सर्पिल.

कार्ल लॅश्लीने १९४१ साली हेच गणित स्वतःच्या अर्धशिशीला लावले. भासाची कड कागदावर आखत, घड्याळ पाहत त्याने हिशेब केला : मेंदूवर मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने काहीतरी सरकत असावे. मला हा निबंध या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. उपकरण म्हणजे फक्त डोके, तेही दुखणारे.

पण पट्टे उमटतात कसे? १९७९ साली शिकागो विद्यापीठातील जॅक कोवान आणि त्याचा विद्यार्थी बार्ड अर्मेन्ट्राउट यांनी त्याचे गणित मांडले. चेतापेशी जवळच्या पेशींना चेतवतात, जरा दूरच्यांना दाबतात. हा तोल द्रव्याने बिघडला की शांत पृष्ठभाग आपोआप पट्ट्यांत, चौकोनांत किंवा षट्कोनांत फुटतो. ॲलन ट्युरिंगने १९५२ साली प्राण्यांच्या अंगावरील ठिपक्यांसाठी वापरलेला विचार हाच. क्ल्यूव्हरही शिकागोचाच, तो त्याच वर्षी वारला.

मँडेलब्रॉटने १९७५ साली फ्रॅक्टल हा शब्द रूढ केल्यावर अशा भासांनाही सर्रास फ्रॅक्टल म्हटले जाऊ लागले. इथे जरा सावध राहावे. नेच्याच्या पानात जागोजागी पानाची छोटी प्रत सापडते. बोगदा फक्त एका मध्याभोवती स्वतःसारखा असतो. एखादे वर्तुळ जवळून पाहिले तर ते नुसते गुळगुळीत वर्तुळच. क्ल्यूव्हरने मात्र आणखी एक नोंद केली होती. पटावरच्या चौकोनांच्या कडाच पुष्कळदा लहान भौमितिक आकृत्यांच्या बनलेल्या दिसतात. १९७९ च्या समीकरणांतून बोगदा निघतो, सर्पिल निघते; नक्षीच्या कडेवरची ही नक्षी काही निघत नाही.