दवाखान्यातील सौंदर्योपचार : डॉक्टरांचे प्रशिक्षण आणि त्याच्या मर्यादा

ताप, खोकला, पोटदुखी यांवर औषध देणाऱ्या डॉक्टरांच्या पाट्यांवर अलीकडे लेझर, बोटॉक्स, पीआरपी, केशरोपण हे शब्द दिसू लागले आहेत. मुंबई-पुण्याच्या उपनगरांत तर एकाच दवाखान्यात सकाळी मधुमेहाचे रुग्ण आणि संध्याकाळी चेहऱ्यावरील उपचारांसाठी येणारी मंडळी अशी वेळेची वाटणीही आढळते. यामागचे अर्थकारण सरळ आहे. सर्वसाधारण डॉक्टरला तपासणीसाठी मिळणारे शुल्क मर्यादित, जागेचे भाडे मात्र वाढते. त्या मानाने सौंदर्योपचारांत पैसे रोख मिळतात, विम्याच्या कागदपत्रांचा व्याप नसतो आणि रात्री-अपरात्री बोलावणेही येत नाही. या मागणीतूनच डॉक्टरांना सौंदर्योपचार शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांचा व्यवसाय उभा राहिला आहे.

या प्रशिक्षणाचा विचार करताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. इतर वैद्यकात समोरची व्यक्ती आजारी असते, उपचार न केल्यास तिचे नुकसान होणार असते आणि म्हणून उपचारातील काही धोका स्वीकारला जातो. सौंदर्योपचारासाठी येणारी व्यक्ती बहुधा निरोगी असते. काहीच केले नाही तर तिचे काही बिघडत नाही. त्यामुळे येथे लहानशा चुकीलाही समर्थन उरत नाही. आपल्या करकायद्यानेही हा फरक मानला आहे. वैद्यकीय सेवेला वस्तू व सेवा करातून सूट आहे, पण जन्मजात व्यंग किंवा अपघाताने आलेली विकृती दुरुस्त करण्याव्यतिरिक्त केलेली सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपण यांना ती मिळत नाही.

एका निरीक्षणातून उभी राहिलेली शाखा

नेहमीच्या व्यवसायाला सौंदर्योपचाराची जोड देणे ही कल्पना मुळात अभ्यासू डॉक्टरांकडूनच आली. सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी बोट्युलिनम टॉक्सिन वापरण्याचे तंत्र विकसित केले. तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर उघडझाप या विकारांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ मध्ये त्याला मान्यता दिली. कॅनडातील व्हँकुव्हर येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. जीन कॅरुथर्स हेच औषध पापण्यांच्या विकारासाठी देत असताना, रुग्णाच्या भुवयांमधील आठ्याही नाहीशा होतात, हे १९८७ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले. त्यांचे पती डॉ. ॲलिस्टर कॅरुथर्स हे त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून त्याचा पाठपुरावा केला आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ्यांसाठी या औषधाला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली ती २००२ मध्ये. पहिले निरीक्षण आणि ही मान्यता यांच्यामध्ये सुमारे पंधरा वर्षे गेली. शिवाय हे निरीक्षण करणाऱ्या डॉक्टर बाईंना डोळ्याभोवतीचा प्रत्येक स्नायू आधीपासून ठाऊक होता. आज तेच तंत्र शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत शिकवले जाते.

सुई कोठे टोचायची, आणि नंतर काय

टॉक्सिनचे इंजेक्शन देणे हाताला अवघड नाही, हे मान्य केले पाहिजे. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे द्रव्य सुटू न देता हे औषध स्नायूला तात्पुरते शिथिल करते. परिणाम दोन-चार दिवसांत जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. भुवयांमधील आठ्यांसाठी मूळ औषधाच्या माहितीपत्रकात पाच ठिकाणी चार-चार, म्हणजे एकूण २० युनिट अशी मात्रा दिलेली आहे. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटएवढे नसते, ही बाब मात्र नवशिक्याला आवर्जून सांगावी लागते. औषध भुवईच्या हाडाच्या फार जवळ गेले तर ते पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरते आणि डोळा अर्धवट मिटल्यासारखा दिसतो. ही अवस्था काही आठवड्यांनी ओसरते. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूदौर्बल्याचा विकार असलेल्या रुग्णाला हे इंजेक्शन धोक्याचे असते. तो प्रश्न विचारण्याची सवय एमबीबीएस झालेल्या कोणत्याही डॉक्टरला असायला हवी आणि बहुतेकांना ती असतेही.

खरी परीक्षा फिलरमध्ये आहे. गाल, ओठ, नाकाचा कणा यांना उठाव देण्यासाठी हायलुरॉनिक आम्लाचा घट्ट द्रव त्वचेखाली भरला जातो. चेहऱ्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. कपाळ आणि नाकावरील काही धमन्या तर डोळ्याकडे जाणाऱ्या धमनीच्याच शाखा आहेत. सुईचे टोक चुकून धमनीत शिरले आणि द्रव जोराने सोडला गेला, तर तो रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने मागे ढकलला जातो आणि दृष्टिपटलाच्या धमनीत अडकू शकतो. असे झाल्यास त्या डोळ्याची दृष्टी काही क्षणांत जाते आणि ती परत मिळाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. कपाळाचा मध्यभाग आणि नाक हे या दृष्टीने सर्वांत धोक्याचे भाग मानले जातात.

धमनी त्वचेपुरतीच बंद झाली तर वेळ हाताशी असतो, पण चिन्हे ओळखता आली पाहिजेत. त्वचा पांढरी पडते, पुढे तिच्यावर जाळीसारखे निळसर डाग उमटतात, दाबून सोडल्यावर रंग लवकर परतत नाही आणि बहुधा वेदना होतात. अननुभवी डॉक्टर त्याला साधे खरचटणे समजून बर्फ लावायला सांगतो आणि रुग्णाला घरी पाठवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेथे फोड येतात आणि मग मांस मरू लागते. यावर उतारा आहे. हायलुरॉनिडेज हे विकर फिलर विरघळवते. आपल्याकडे डोळ्याच्या शस्त्रक्रियेत भूल देताना ते वापरले जात असल्याने नेत्रतज्ज्ञांना चांगले परिचयाचे आहे. फिलर भरणाऱ्या दवाखान्याच्या शीतकपाटात ते पुरेशा प्रमाणात आहे का आणि ते किती व कोठे द्यायचे हे तेथील डॉक्टरला न पाहता सांगता येते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक कळते. दोन दिवसांच्या कार्यशाळेत प्रशिक्षणार्थीला सुई धरायला मिळते. गुंतागुंत झालेला रुग्ण मात्र त्या दोन दिवसांत सहसा समोर येत नाही. तो पाहायला मिळतो तो तीन वर्षे विभागात राहणाऱ्या निवासी डॉक्टरला, तोही अनेकदा दुसरीकडे बिघडून आलेला.

केशरोपणाची गोष्ट आणखी वेगळी. ते काम सहा-आठ तास चालते, हजारो केसमुळे एकेक करून काढावी आणि रोवावी लागतात आणि तेवढा वेळ डोक्याला स्थानिक भूल द्यावी लागते. लिडोकेनची मात्रा रुग्णाच्या वजनानुसार ठरते. मर्यादा ओलांडली तर झटके येतात, हृदयाची गती बिघडते. मुंबईत २०१९ मध्ये एका उद्योजकाचा केशरोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला तेव्हा या विषयाची मोठी चर्चा झाली होती. पुढे दिल्लीत आणि कानपूरमध्येही केशरोपणानंतर मृत्यू झाल्याची प्रकरणे पोलिसांत आणि न्यायालयात गेली.

सावळ्या त्वचेचा हिशेब

लेझरच्या प्रशिक्षणात भारतीय डॉक्टरला एक जास्तीची गोष्ट शिकावी लागते. लेझरचा किरण रंगद्रव्य शोधत जातो. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी मांडलेल्या तत्त्वानुसार, योग्य तरंगलांबी आणि योग्य कालावधी निवडला तर आजूबाजूच्या त्वचेला धक्का न लावता नेमके लक्ष्य तापवता येते. गोऱ्या त्वचेवरील काळा केस हे अगदी सोयीचे लक्ष्य होय. आपल्याकडे मात्र त्वचेतही रंगद्रव्य भरपूर असते. अमेरिकेतील डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या वर्गीकरणात बहुसंख्य भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. अशा त्वचेवर किरणाची ऊर्जा केसापर्यंत पोहोचण्याआधी वरच्या थरातच शोषली जाते आणि भाजण्याचा धोका वाढतो. म्हणून ७५५ नॅनोमीटरपेक्षा १०६४ नॅनोमीटरची लांब तरंगलांबी सुरक्षित मानली जाते. कंपनीच्या प्रतिनिधीने यंत्रासोबत दिलेला तक्ता गोऱ्या त्वचेवरील अनुभवातून तयार झालेला असेल, तर तो डोंबिवलीत जसाच्या तसा वापरून चालत नाही.

केमिकल पीलचेही तेच. आम्ल थोडे तीव्र झाले किंवा रुग्णाने उन्हाची काळजी घेतली नाही, तर जे डाग घालवायचे त्यांच्याहून गडद डाग मागे राहतात. येथे प्रशिक्षणाचा मोठा भाग ‘किती करू नये’ हा आहे. यंत्राचा मासिक हप्ता चालू असताना तो धडा आचरणात आणणे सोपे नसते. अनेक अभ्यासक्रमांना यंत्रे आणि औषधे विकणाऱ्या कंपन्यांचेच पाठबळ असते, ही वस्तुस्थिती येथे नोंदवायला हवी.

गोरेपणाच्या मागणीत याचा कस लागतो. शिरेतून ग्लुटाथायोन देऊन रंग उजळवण्याचे ‘पॅकेज’ अनेक ठिकाणी विकले जाते. या वापराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही आणि त्याच्या उपयुक्ततेचा भक्कम पुरावाही नाही. लग्न ठरत नाही म्हणून मुलीला घेऊन आलेल्या आईला ‘याची गरज नाही’ असे सांगणे कोणत्याही कार्यशाळेत शिकवले जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या घर ओळखणारा कौटुंबिक डॉक्टर ते सांगू शकतो. त्याच्या शब्दाला तेवढे वजन असते. स्वतःच्या दिसण्यातील नसलेला दोष सतत पाहणारा, एका उपचारानंतर लगेच दुसरा मागणारा रुग्ण ओळखणे आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हेही याच कौशल्यात येते.

पाटीवर काय लिहावे

देशात मान्यताप्राप्त मार्ग दोन. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे त्वचारोगशास्त्रातील एमडी किंवा डीएनबी, ज्यात लेझर, पील, टॉक्सिन, फिलर यांचा अंतर्भाव असतो. दुसरा, शल्यचिकित्सेतील एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी. भारतातील प्लास्टिक सर्जरीच्या पहिल्या स्वतंत्र विभागांपैकी एक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभारला होता. याउलट ‘फेलोशिप’ या एकाच शब्दाखाली विद्यापीठाचा वर्षभराचा अभ्यासक्रमही येतो आणि हॉटेलातील दोन दिवसांचे वर्गही. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयगुण मिळवावे लागतात. परिषदा आणि कार्यशाळांतून ते मिळतात, पण त्यामुळे कोणी विशेषज्ञ होत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणासारख्या सौंदर्यप्रक्रियांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळा किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत बजावले असून शस्त्रक्रियेचे औपचारिक शिक्षण आवश्यक मानले आहे. मुख व जबडा शल्यचिकित्सक असलेल्या दंतवैद्यांच्या अधिकाराबाबत मात्र दंतवैद्यक परिषदेने वेगळी, अनुकूल भूमिका घेतली आणि तो वाद रेंगाळत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने तर १९९६ च्या पूनम वर्मा प्रकरणात, जी चिकित्सापद्धती आपण शिकलो नाही तिच्यानुसार उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय, असे ठरवले होते. त्या प्रकरणातील डॉक्टर होमिओपॅथीचे होते आणि दिलेली औषधे ॲलोपॅथीची. २००२ च्या आचारसंहितेनुसार त्या शाखेची विशेष अर्हता नसलेल्या डॉक्टरला स्वतःला विशेषज्ञ म्हणवता येत नाही. रुग्णाची ओळख पटेल अशी छायाचित्रे त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करण्यासही मनाई आहे.

पदवीविना कौशल्य असू शकत नाही असे मात्र नाही. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचेच आहे. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचे वर्णन छापून आले आणि पुढे १८१४ मध्ये डॉ. जोसेफ कार्प्यू यांनी तीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये करून दाखवली. त्या कारागिराकडे प्रमाणपत्र नव्हते. परंपरेने चालत आलेली विद्या होती.

ब्रिटनचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. सदोष स्तनरोपणांच्या प्रकरणानंतर नेमलेल्या सर ब्रूस केओ यांच्या समितीने २०१३ मध्ये, फिलर घेणाऱ्या व्यक्तीला साधे बॉलपेन विकत घेणाऱ्याहून अधिक संरक्षण नाही, अशा आशयाचे निरीक्षण नोंदवले. २०१६ पासून तेथील वैद्यक परिषदेने संमती स्वतः उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच घ्यावी आणि विचार करायला रुग्णाला वेळ द्यावा, असे बंधन घातले. आपल्याकडे ‘आज केले तर सवलत’ हे सर्रास ऐकू येते.

उपचार घेणाऱ्याने डॉक्टरची नोंदणी आणि नोंदलेली अर्हता महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहावी, वापरलेल्या औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मात्रा लेखी मागून घ्यावी. डॉक्टरांसाठीही एक कागद महत्त्वाचा आहे. व्यावसायिक दायित्वाच्या अनेक विमा पॉलिसींतून सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपण वगळलेले असते. ते कलम बहुधा शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत असते.